स्वच्छ गटातला डाग

डाग तिथे असायला नको होता. एवढंच झालं. मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता मी दिव्याच्या पेटीवर सहाव्या नंबरचं जेल ठेवलं, चष्मा पुसला, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, जिथे फिकट ठिपका असायचा, तिथे निळाशार टपोरा डाग माझ्याकडे बघत बसलेला. माझ्या प्रबंधाचा विषय एका वाक्यात सांगता येतो, आणि लग्नाच्या जेवणात सांगितला की शेजारचे लोक ताटं उचलून दुसऱ्या टेबलावर जातात: शिसं पोटात गेलेल्या उंदरिणींच्या गर्भांमधल्या प्रथिनांचं काय होतं. उंदरीण गाभण राहते, काही जणींना शिशाचं पाणी पाजायचं, काही जणींना स्वच्छ. अकराव्या दिवशी मसुरीच्या दाण्याएवढा गर्भ काढायचा, वाटायचा, आणि त्यातली प्रथिनं जेलच्या पातळ पानावर पसरवून रंगवायची. एकेका प्रथिनाचा एकेक डाग, असे हजारभर. चार वर्षांत मला ते सोफियातल्या रस्त्यांपेक्षा जास्त पाठ झालेत, जे फार मोठं कौतुक नाही, कारण सोफियात मी अजूनही चुकते. उजवीकडच्या त्या डागाला मी पाठराखीण म्हणते. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ना, तसं हे प्रथिन नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांबरोबर असतं, त्यांची नीट घडी बसवतं, चारचौघांत कसं वागायचं ते शिकवतं. शांत घरात पाठराखीण एक पुरते. शिसं आलं की गोंधळ. ते जस्ताच्या जागेवर जाऊन बसतं, बिनतिकिटाचा माणूस राखीव खुर्चीवर बसून पेपर उघडतो तसं, आणि उठत नाही. प्रथिनं वेडीवाकडी दुमडायला लागतात, आणि पेशी घाबरून एकीच्या जागी दहा पाठराखिणी धाडते. डाग जितका मोठा तितकी भीती मोठी. आणि सहावं जेल स्वच्छ गटाचं होतं. त्या उंदरिणींनी जन्मात शिसं पाहिलं नव्हतं. मी अकरा आठवड्यांची पोटुशी होते. ही दोन वाक्यं एकापुढे एक यायचं काही कारण नव्हतं, पण मनाला कारण लागत नाही.

आधी मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. मग वाटलं, रंग जास्त वेळ ठेवला. बुधवारी पुन्हा केलं, गुरुवारी पुन्हा. डाग तिन्ही वेळा त्याच जागी, न चुकता हजर राहणाऱ्या कारकुनासारखा. शिसं प्यालेल्यांच्या डागाच्या निम्मा, पण निम्मी भीती म्हणजे काही धैर्य नव्हे. मी तिन्ही जेलं घेऊन प्रोफेसर ताबाकोव यांच्या खोलीत गेले. ते वसंतात निवृत्त होणार आणि त्याआधी आमचा लेख छापून यायला हवा, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघायच्या आधी कॅलेंडरकडे बघितलं.

"नेव्याना, डाग पडतात," ते म्हणाले. "जगच डागाळलेलं आहे. परत कर."

"तीनदा केलं, सर."

"मग चौथ्यांदा कर. जरा हसतमुख राहून कर."

मी हसतमुख राहून तळघरात गेले. तिथे मेतोदीकाका उंदीर सांभाळतात. एकवीस वर्षं झाली. प्रत्येक उंदरिणीला ते आपल्या घटस्फोटित बायकोच्या नातेवाइकांची नावं देतात, आणि आम्ही नमुना घ्यायला गेलो की फार समाधानाने विचारतात, आज कुणाला नेताय. त्या दिवशी स्वच्छ गटात दोन मावश्या आणि एक सासूबाई उरल्या होत्या. तिघीही मजेत दिसत होत्या. मी विचारलं, "काका, ह्यांना पाणी कुठलं घालता?"

"पाण्यासारखं पाणी."

"डिस्टिल्ड ना?"

"ते शिसंवाल्यांना. नळाच्या पाण्यात तुमचं शिसं दुधासारखं फाटतं, तूच म्हणालीस ना पोरी? यंत्र बिघडलंय दोन महिने. दिवसाला जेमतेम दोन लिटर देतं. ते आजाऱ्यांना. ह्या धडधाकट बायांना काय करायचंय? नळाचं."

"कुठल्या नळाचं?"

गावात विहिरी किती, असं मी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या पितळी नळाकडे बोट केलं. "कॉफीच्याच."

म्हणजे चार वर्षं ज्या नळाचं पाणी भरून मेतोदीकाका सकाळी कॉफीचं मोठं भांडं चुलीवर चढवतात आणि अख्खा मजला ते पितो, तो नळ. मी टेबलाखाली वाकून मागचा पाइप बघितला. इमारत आमच्या आजोबांच्या वयाची, पाइप तिच्याच वयाचा, राखाडी, सांध्यांना गुबगुबीत. मी अंगठ्याचं नख ओढलं. नखाने ओरखडा निघाला, आणि ओरखड्यात चांदीसारखी चमक. मी थोडा वेळ तशीच वाकून राहिले. म्हणजे इमारतीतलं सगळ्यात स्वच्छ पाणी आम्ही शिसंवाल्यांना दिलं होतं, वर त्यात शिसं घातलं होतं, आणि पाइपातलं शिसं ह्यांना, ज्यांच्याशी तुलना करून शिसं काय करतं ते ठरवायचं. ह्यांना आणि आम्हाला. माझ्या प्रबंधात स्वच्छ गट म्हणून जो होता तो मीच होते, फक्त मला मिशा नव्हत्या. मेतोदीकाका वरून म्हणाले, "काही सांडलं का गं?" मी म्हटलं, "नाही, काका, आधीच सांडलंय."

शुक्रवारी नळाच्या पाण्यातल्या शिशाचा आकडा आला. चालतं त्याच्या साडेसहा पट. मी नळावर चिठ्ठी चिकटवली: पिऊ नका, नेव्याना. दुपारपर्यंत खाली कुणीतरी लिहिलं होतं: का, रागावलीस? ताबाकोव सरांनी दार लावून घेऊन विचारलं, हे कोणाकोणाला माहीत आहे, आणि मी म्हटलं, मेतोदीकाकांना आधीपासून माहीत होतं, फक्त आपल्याला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. सर हसले नाहीत. त्यांनी चार वर्षांची वही उघडली, मिटली, आणि एकाएकी फार म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "तू किती कॉफी पितेस?" मी म्हटलं, तीन. मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली, जिथे अजून बघण्यासारखं काही नव्हतं, आणि आम्ही दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. सोमवारी प्लंबर येईल, ते म्हणाले. त्यांनी मला लेखाबद्दल काही विचारलं नाही, ह्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. त्याच दुपारी मी रक्त देऊन आले. निकाल गुरुवारी.

ते सहा दिवस मी कशी होते ते सांगता येत नाही, कारण मी एका जागी नव्हते. ट्राममध्ये बसले की वाटायचं उभं राहावं, उभी राहिले की वाटायचं उतरावं, उतरले की वाटायचं ती ट्राम बरी होती. पाणी मी बाटलीतलं प्यायला लागले होते, पण पाणी हा आता मुद्दाच नव्हता. शिसं रक्तात थोडेच दिवस थांबतं, मग हाडांत जाऊन बसतं, कॅल्शियमची जागा धरून, वर्षानुवर्षं, कुणी काही विचारत नाही. आणि बाई पोटुशी राहिली की बाळाची हाडं बांधायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, आणि त्याच्या हातात हात घालून हेही निघतं. म्हणजे माझी हाडंच आता तो पितळी नळ होती, आणि त्याच्यावर चिठ्ठी कुठे चिकटवणार? हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मीच दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते, फळ्यावर रंगीत खडूने, आणि परीक्षेत चार गुणांना विचारते. उंदरांचं एक बरं असतं. शंका आली की उघडून बघता येतं. मी चार वर्षांत हजारभर गर्भ उघडून बघितलेत, प्रत्येकाची नोंद आहे, आणि आता पहिल्यांदा असा एक होता की ज्याच्याबद्दल मला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि ज्याच्याकडे बघायची एकुलती एक पद्धत मला येत होती ती वापरता येत नव्हती. बघायचं असेल तर तो राहणार नाही. राहायचा असेल तर बघायचं नाही. ट्राममधल्या समोरच्या बाईने विचारलं, बरं नाही का वाटत? मी म्हटलं, मला खुर्ची नकोय. तिने खुर्ची देऊ केलीच नव्हती.

नवऱ्याला मी शनिवारी सांगितलं. लचेझार लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट वर तरी जात असते किंवा खाली तरी, आणि मध्ये अडकली तर फोन करायचा, असं त्याचं मत आहे. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग काय, मी तर कारखान्याखाली जन्मलो. मला काय झालंय?" तो जन्मला ते गाव शिसं वितळवणाऱ्या कारखान्याच्या धुराड्याखाली आहे, कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली, धुराडं आहे. त्याच्या लहानपणी पावसात पागोळ्यांचं पाणी मुलांना पिऊ देत नसत, एरवी सगळं चालायचं. मी त्याच्याकडे बघितलं. तो फ्रिज उघडून उभा होता आणि त्याला लोणी सापडत नव्हतं. लोणी समोर होतं. एक क्षण मला वाटलं, हे शिशाने झालं असेल का. पण लोणी कुठल्याच पुरुषाला सापडत नाही, त्यामुळे तुलनेला स्वच्छ गट नाही. मी हसायला लागले, आणि मग हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. लचेझार हातात लोणी घेऊन माझ्या बाजूला जमिनीवर बसला. "आईला बोलावू का?" म्हणाला. मी नको म्हणायच्या आत त्याने फोन केला होता.

रविवारी सासूबाई आल्या, सहा बरण्या लाल मिरच्यांची चटणी, दोन कोबी आणि दिमानाला घेऊन. सासूबाईंचं नाव गिन्का. नाव ऐकलं की बाई छोटी वाटते आणि आहेही छोटी, पण दरवाज्यातून आत आली की घरातल्या खुर्च्या आपोआप सरळ होतात. दिमाना माझी नणंद, लचेझारची मोठी बहीण, छत्तीस वर्षांची. ती सात वर्षांच्या मुलीसारखी आहे. म्हणजे चांगली आहे, पण सातच्या पुढे गेली नाही. मोजकं बोलते. समोर जे असेल ते रंगाप्रमाणे लावून ठेवते, बटणं, चमचे, गोळ्या, आणि लावून झालं की सगळ्यांकडे आळीपाळीने बघते. घरात तिच्याबद्दल एवढंच म्हणतात, हळू आहे. का, ते कुणी म्हणत नाही. मीही कधी विचारलं नाही. ज्या बाईचा धंदाच शिसं आणि गर्भ आहे, जिचं सासर धुराड्याखाली आहे, तिने पाच वर्षांत हे विचारलं नाही, ह्यावरून माझ्या शास्त्रीय जिज्ञासेची खोली कळावी. मी बरण्या फडताळात लावत होते तेवढ्यात खाली ट्राम खर्रकन थांबली, आणि माझ्या हातातून बरणी निसटली. लाल चटणी फरशीभर. दिमाना म्हणाली, "लाल."

सासूबाईंनी फरशीकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

"केव्हापासून दचकतेस?"

"आई, हात ओला होता."

"हात कोरडा आहे. झोप?"

"लागते."

"खोटं. माझा मुलगा सांगतो, रात्री स्वयंपाकघरात फिरतेस कोंबडीसारखी." त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघतात तशी, पण नाडीच्या जागी नाही. "भीती बसलीये तुझ्यात, सूनबाई. पोटुशीच्या अंगात भीती राहिली की पोराच्या अंगात उतरते. शनिवारी गावी चल. वेलिका आजीकडून शिसं ओतून घेऊ."

आमच्याकडे हे करतात. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर तांबडं फडकं धरायचं, वर पाण्याचं वाडगं, आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. फस्स होतं, शिशाचा काहीतरी आकार होतो, आजी तो बघून सांगते कुत्र्याला घाबरलास की मेलेल्याला, आणि भीती शिशात जाते. मग ते पाणी तीन घोट प्यायचं. लहानपणी मला एकदा केलंय; हंस निघाला होता आणि मी हंसाला घाबरत होते हे खरंच होतं. पण शिसं अंगात जाऊन काय करतं ते तेव्हा मला डाव्या हाताने लिहिता येत नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "मला शिशाचीच भीती वाटतेय."

"बघ म्हणजे. बरोबर औषध आहे."

लचेझारने हळूच माझ्या कानात सांगितलं, "आईचं मन राख. तीन घोट." मी म्हटलं, "तुझी लिफ्ट पडायला लागली तर मी वरून वजन टाकू का?" तो विचार करायला लागला. त्याला ते शक्य वाटलं असावं.

गुरुवारी निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला, माझ्याकडे फिरवला, पुन्हा स्वतःकडे फिरवला. सहा पूर्णांक आठ. "थोडं आहे," म्हणाल्या. "म्हणजे नसावं तितकं आहे. पण लोकांना वीस असतं, तीस असतं, तुमच्या सासरच्या गावात एके काळी..." मी म्हटलं, मला माहीत आहे. "कॅल्शियम घ्या, लोह घ्या, दूध घ्या. शांत राहा." मी विचारलं, बाळाला काही होईल का? त्या म्हणाल्या, "बहुधा नाही." मी विचारलं, बहुधा म्हणजे किती? त्या प्रेमाने म्हणाल्या, "अहो, तुम्ही ह्यातल्या आहात, तुम्हीच सांगा." आणि मी सांगू लागले. सहा पूर्णांक आठला सरासरी काय होतं, ते कुठल्या देशातल्या किती मुलांवर मोजलंय, दोन-तीन गुणांचा फरक बुद्धीच्या चाचणीत, तोही सरासरीने, म्हणजे एखाद्याला दहाचा, एखाद्याला काहीच नाही. सांगता सांगता मला ऐकू आलं की माझा आवाज फळ्यापुढचा आहे. सरासरी मूल माझ्या पोटात नव्हतं. सरासरी मूल कुणाच्याच पोटात नसतं. तरी जे काही माहीत असतं ते त्याच्याबद्दलच, आणि त्याच्या सरासरी आईबद्दल, जी कुठेही राहत नाही.

आणि शनिवारी मी गेले. का गेले ते विचारू नका. सहा दिवसांनंतर माणूस ट्राममधून उतरून गाडीत बसतो, एवढंच. वेलिका आजी चौथ्या मजल्यावर राहते. आधी कारखान्याच्या उपाहारगृहात होती, आता शिसं ओतते, आणि तिच्या दारावर पाटी आहे: घंटी बिघडली आहे, घाबरू नका, ठोठवा. स्वयंपाकघरात गॅस, गॅसवर काळी पळी, पळीत राखाडी तुकडा. खिडक्या बंद. काचांच्या कडांना कापूस. मी दारातच थांबले.

"आजी, आधी खिडकी उघडा."

"खिडकी नंतर," वेलिका आजी म्हणाली. तिच्या तोंडात सूर्यफुलाची बी होती. "भीती बाहेर जायला उघडायची. आधी उघडली तर शेजाऱ्यांची आत येईल."

"धूर होईल."

"कसला गं धूर? इथे चाळीस वर्षं धूर होता, तो धूर. हा वास आहे."

"मी इथे बसणार नाही," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठा निघाला. लचेझार खाली गाडी लावायला गेलेला. सासूबाई उभ्या होत्या, हातात तांबडं फडकं, तोंड मिटलेलं. मला वाटलं आता रागावून ओरडतील. त्यांनी माझ्या गळ्यातला रुमाल ओढून काढला, तो मांडीवर घेतला आणि स्वतःच स्टुलावर बसल्या.

"ओत गं वेलिका. तिच्या वतीने मी आहे. सूनबाई, तू दिमानाला घेऊन बाल्कनीत जा. दार लावून घे, घट्ट."

"चालतं का असं?" मी आजीला विचारलं. शास्त्रज्ञ म्हणून विचारलं.

"फौजेतल्या पोरांसाठी त्यांच्या सदऱ्यावर ओतलंय मी. चालतं. पण पाणी स्टुलावर बसणाऱ्याला प्यावं लागतं, सदरा पीत नाही."

बाल्कनीत वाळत घातलेले कपडे होते आणि चिमट्यांची टोपली. समोर धुराडं. दिमाना लगेच खाली बसली आणि चिमटे काढायला लागली, निळे एका बाजूला, पिवळे एका बाजूला. मी काचेतून आत बघत होते. आवाज येत नव्हता. सासूबाईंच्या डोक्यावर तांबडं फडकं, त्यावर मुलामा गेलेलं वाडगं, आजीचे ओठ हलताहेत, पळी वाकते, आणि एकदम पाण्यातून वाफ. मी श्वास धरला, जरी काच मध्ये होती. डोक्यावर एकदा, गुडघ्यांवर एकदा, पायांवर एकदा. छोटी बाई, पाय जमिनीला टेकत नव्हते. सवयीने मी बघत होते, काचेच्या ह्या बाजूने त्या बाजूचं, आणि काही तरी नेहमीसारखं वाटत नव्हतं, आणि मग कळलं: सासूबाई वाडगं कुणी न देता घेताहेत, कुठल्या बाजूने ओठ लावायचा ते त्यांना माहीत आहे, पहिला घोट, थांबायचं, दुसरा, थांबायचं, तिसरा, आणि ओठ मनगटाने पुसायचे, तळहाताने नाही. हे पाठ होतं. पहिल्या वेळी माणसाचा हात असा चालत नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा दार नीट लावून घेतलं. केस ओले, मुठीत शिशाचा तुकडा. तो त्यांनी मला दिला नाही, कठड्यावर माझ्यापासून लांब ठेवला. एवढं त्यांनी ऐकलं होतं तर. "हंस-बिंस काही नाही," म्हणाल्या. "नुसता गोळा. वेलिका म्हणते, अशी भीती तिने बघितली नाही, हिला तोंड नाही, शेपूट नाही." मग धुराड्याकडे वळल्या.

"तुला एक विचारते. तू शिकलेली. उंदरांची पोटं फाडून आत बघतेस."

"विचारा ना, आई."

"दिमानाच्या वेळी मला सहावा होता. कारखान्यातला बॉयलर फुटला, भोंगा वाजायला लागला, थांबेचना, मी इथून तिथून धावले. मग रात्री झोप नाही. वेलिकाच्या आईने ओतलं. भीती जबर होती, म्हणून तिने तुकडा बाटलीत घालून दिला, नऊ दिवस सकाळी अनशापोटी तीन घोट. मी एक दिवस चुकवला नाही." त्यांचा आवाज बाजारात भाव विचारावा तसा होता. "लचेझारच्या वेळी नाही प्याले. विसरले म्हणून नाही. मनात आलं काहीतरी. कुणाला बोलले नाही. आता तू सांगतेस शिसं असं असतं, तसं असतं. मग मला सांग. त्या पाण्याने झालं का हे? माझ्यामुळे?"

दिमानाने एक लाल चिमटा वर धरून बघितला आणि तो कुठल्याच ढिगात टाकला नाही.

मला उत्तर माहीत असायला हवं होतं. सगळ्या देशात हे विचारायला माझ्याइतकी योग्य माणसं फार तर चार-पाच असतील. नऊ दिवसांचे सत्तावीस घोट, त्यात किती विरघळणार? थोडं. पण त्या घोटांच्या मागे सगळं गाव उभं होतं: धूर, अंगणातली धूळ, त्या धुळीत उगवलेली भाजी, आणि भट्टीवरून येणारे सासरे, ज्यांचे करडे कपडे ही बाई टबात हाताने धूत असणार, पोट टबाच्या कडेला टेकवून, आधी झटकून. मुख्य म्हणजे झटकून. पाण्याने नाही झालं म्हटलं तर ती विचारणार, मग कशाने? आणि कपडे म्हटलं की तेही हात तिचेच. आणि हेही सगळं मी रचत होते. कदाचित ह्यातलं काहीच नसेल, काही मुलं अशीच येतात, स्वच्छ हवेतही येतात. उंदरिणीच्या शेजारच्या पिंजऱ्यात दुसरी उंदरीण असते. दुसरी दिमाना, जी समुद्रकाठी वाढली, आज नर्स आहे आणि नवऱ्याशी भांडते, अशी कुठेही नव्हती, तिच्या शेजारी ठेवून बघायला. खरं उत्तर होतं, माहीत नाही. पण छत्तीस वर्षं थांबलेल्या बाईच्या हातावर माहीत नाही ठेवायचं म्हणजे रिकामं वाडगं ठेवायचं. आणि आणखी काही वर्षांनी मीही अशीच कुणाच्या तरी बाल्कनीत उभी राहणार, कुणा शिकलेल्या पोरीपुढे, आणि बाजारात विचारावं तसं विचारणार, कॉफीबद्दल. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी त्या पोरीचं तोंडसुद्धा बघितलं.

"सांग ना," सासूबाई म्हणाल्या. "जे असेल ते. मी काही रडणार नाही, माझे केस ओलेच आहेत."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मान वर-खाली हलवली, दोनदा, सावकाश. आमच्याकडे ह्याचा अर्थ नाही असा होतो. बाकी जगात काय होतो ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्या देशाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी श्वास सोडला, इतका लांब की मला वाटलं संपणारच नाही, आणि माझा रुमाल परत माझ्या गळ्यात बांधला, जरा जास्तच आवळून. दिमानाने खालून आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. मग तीही मान वर-खाली हलवायला लागली, जोरजोरात, केस उडेपर्यंत, आणि आम्ही थांबवलं तरी ती थांबेना.